गोष्ट पाच जणांची, गुण कोणाचे?



बरेच दिवस इकडे फिरकले नव्हते. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मग डोळ्यांत थेंब घालण्यातच महिना गेला. आता अक्षरं पुन्हा ठसठशीत दिसू लागली आहेत, तेव्हा मनात साठलेलं एकदा लिहून टाकते. विषय शाळेचाच आहे. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी खोड काही जात नाही, त्याला इलाज नाही.

झालं असं की गेल्या रविवारी पुण्याहून मुलगा, सूनबाई आणि नात आले. नात चौथीत आहे. एरवी आल्याआल्या आधी झोपाळा पकडणार, मग डब्यातल्या लाडवांची चौकशी करणार. या वेळी मात्र गाल फुगवून थेट माझ्यासमोर उभी राहिली.

"आजी, तू बाई होतीस ना शाळेत? मग सांग, हे बरोबर आहे का?"

प्रकरण असं होतं. शाळेत मराठीचा प्रकल्प होता. पाच पाच मुलांचे गट करून प्रत्येक गटाने स्वतःची परीकथा लिहायची होती. दहा पानं, चित्रांसह, मुदत दोन आठवडे. नातीच्या म्हणण्याप्रमाणे सगळी गोष्ट तिनेच लिहिली. एका मुलाने फक्त राणीचा मुकुट काढून रंगवला. एक मुलगी लग्नाला गेली म्हणून चार दिवस नव्हतीच. बाकीचे दोघे परीचं नाव काय ठेवायचं यावरून भांडत बसले. आणि शेवटी पाचही जणांना एकच श्रेणी, ब-१! वर त्या मुकुटवाल्याने वर्गात सांगितलं की परीची कल्पना त्याचीच होती.

स्वयंपाकघरातून सूनबाईचा आवाज आला, "आई, खरं सांगू का? शेवटची दोन पानं त्या लग्नाला गेलेल्या मुलीच्या आईने लिहिलीत. रात्री साडेदहाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली आणि आम्ही सकाळी ती हिच्याकडून उतरवून घेतली." मुलगा हसत म्हणाला, "त्यापेक्षा मोबाइललाच सांगायचं होतं. पाच मिनिटांत गोष्ट तयार."

मी नातीची समजूत काढायला तोंड उघडलं आणि तशीच थांबले. कारण तिला द्यायला माझ्याकडे सोपं उत्तर नव्हतं. खरं सांगायचं तर याच परीक्षेत मी स्वतः एकदा नापास झाले आहे, आणि ती गोष्ट घरात कोणालाच ठाऊक नाही. आज सांगते.

१९९८ सालचा हिवाळा. आमचं गाव सातारा जिल्ह्यातलं, कृष्णाकाठचं, आजूबाजूला सगळा ऊस. दिवाळीनंतर कारखान्याची धुराडी पेटली की बीडकडच्या टोळ्या यायच्या. गावाबाहेरच्या माळावर बांबूच्या तट्ट्यांच्या कोपी उभ्या राहायच्या. त्यांची काही मुलं शाळेत येऊन बसत. हजेरीपटावर नावं नसायची, पण बसायला कोणी नको म्हणत नसे. तसा एक मुलगा त्या वर्षी माझ्या चौथीच्या वर्गात आला. दहा-अकरा वर्षांचा, गप्प बसणारा. लिहिणं जेमतेम, जोडाक्षर आलं की पेन्सिल थांबलीच.

डिसेंबरात मी वर्गाला गटाने परीकथा लिहायला दिली. वर्गात चोपन्न मुलं. पाठ्यपुस्तकातले धडे वाचून कंटाळली होती आणि 'चांदोबा', 'किशोर'चे जुने अंक हाताळून गोष्टींची गोडीही लागली होती. अकरा गट झाले. या मुलाला मी वर्गातल्या सर्वांत हुशार मुलीच्या गटात घातलं. हेतू हा की तिच्याबरोबर राहून चार अक्षरं शिकेल.

आठ दिवसांनी गोष्टी आल्या. या गटाची गोष्ट सर्वांत नेटकी होती. मोत्यासारखं अक्षर, समास सोडलेला, शेवटी नक्षी. गोष्टीत एक गरीब मुलगा उसाच्या फडाजवळ राहत असतो, रात्री परी येते, सोन्याची नाणी देते आणि सगळे सुखाने राहू लागतात. मी दहापैकी नऊ गुण दिले. एका ठिकाणी 'कोपी' असा शब्द होता. मी त्याला लाल शाईने गोल केला आणि वर 'झोपडी' असं लिहिलं. मग गटातल्या प्रत्येकाचे वेगळे गुण नोंदवहीत मांडले. कोणाचं अक्षर कुठे दिसतंय, कोणी चित्र काढलंय हे बघून. त्या मुलाची कुठेच काही खूण नव्हती. त्याला मी चार दिले. तेही दयेपोटी दिले असंच मला तेव्हा वाटलं.

जानेवारीत स्नेहसंमेलन होतं. उत्तम तीन गोष्टी रंगमंचावर सांगायच्या असं ठरलं. तालमीच्या दिवशी नेमका त्या हुशार मुलीला ताप आला. उरलेल्या चौघांना व्हरांड्यात उभं केलं आणि म्हटलं, चला, सांगा गोष्ट. तिघे चाचरले, एकमेकांकडे बघू लागले आणि मग तिघांनीही त्याच्याकडे बघितलं. तो आधी चपलेच्या अंगठ्याशी खेळत राहिला. मग त्याने गोष्ट सांगायला सुरुवात केली.

मंडळी, ती गोष्ट मी तपासलेली गोष्ट नव्हती. त्याची परी आकाशातून येत नव्हती. ती उसाच्या फडातून पाचट वाजवत येत होती आणि उसाच्या पात्यांनी तिचे पंख कापले होते. बैल तिला ओळखत होते, कारण रात्री ती त्यांच्या खांद्यांवरून हात फिरवायची. तिने कोपीतल्या मुलाला विचारलं, तुला काय पाहिजे? तो म्हणाला, आईला उजेड होईपर्यंत झोपू दे. मग परी मुकादमाकडे गेली आणि त्याची उचलीची वही उघडून त्यावर फुंकर मारली. वहीतल्या सगळ्या आकड्यांच्या मुंग्या झाल्या आणि ओळीने चालत उसाकडे निघून गेल्या. वही कोरी झाली, आणि सकाळी आईला कोणी हाक मारली नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. ऊसतोडीला निघण्यापूर्वी मुकादमाकडून जी आगाऊ रक्कम घेतात ती उचल. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामभर तोड करून ती उचल फेडायची आणि पुष्कळदा ती फिटत नाही, तो आकडा पुढच्या वर्षावर जातो. या पोराने तो आकडा मुंग्यांकडून नेववला होता.

व्हरांड्यात कोणी बोलत नव्हतं. मग एक मुलगी म्हणाली, "बाई, हीच खरी गोष्ट होती. पण मुंग्या नको, परीकथेत सोनं असतं, असं तिने सांगितलं आणि तसं लिहिलं." म्हणजे गोष्ट त्याची, लेखणी तिची, आणि वर माझी लाल शाई. तिने मुंग्यांचं सोनं केलं आणि मी कोपीची झोपडी केली. त्याचं जे थोडंफार उरलं होतं तेही मी पुसलं आणि मग त्याला चार गुण दिले.

इथे मी चूक सुधारली असं लिहिता आलं असतं तर किती बरं झालं असतं! नोंदवहीत चाराचे नऊ केले, ते खरं. पण खरी परीक्षा पुढेच होती. संमेलनाला कारखान्याकडचे पाहुणे यायचे होते. मला कोणी काही सांगितलं नव्हतं, मोठ्या गुरुजींनीही नाही. माझी मीच घाबरले. मी त्याला जवळ बोलावून म्हटलं, "बाळा, गोष्ट छान आहे. तूच सांग. फक्त ते मुकादमाचं तेवढं गाळ." त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "मग नाही सांगत, बाई."

रागावला नव्हता. दुकानात एखादी वस्तू परवडत नाही म्हणून माणूस खाली ठेवतो ना, तसं म्हणाला. संमेलनात सोन्याच्या नाण्यांची गोष्ट झाली, टाळ्या पडल्या. मार्चअखेर कारखाना बंद झाला आणि टोळी गेली. तो पुढच्या हंगामात आला नाही. आज तो सदतीस-अडतीस वर्षांचा असेल.

असो. इतकी वर्षं हे मनात होतं, म्हणूनच गटाने लिहिलेली गोष्ट तपासायची कशी, या प्रश्नाला मी हलक्यात घेऊ शकत नाही.

परीकथांचा इतिहास पाहिला तर तिथेही हेच दिसतं. ग्रिम बंधूंचा पहिला संग्रह १८१२ साली निघाला. नाव दोन भावांचं, पण गोष्टी कितीतरी जणांनी, त्यातही बायकांनी, त्यांना सांगितलेल्या. पुढे १८५७ पर्यंत सात आवृत्त्या निघाल्या आणि दर वेळी गोष्टींवरून हात फिरत राहिला. हिमगौरीच्या जिवावर उठलेली राणी पहिल्या आवृत्तीत तिची सख्खी आई आहे. १८१९ च्या आवृत्तीत ती सावत्र झाली. सख्खी आई असं करते हे मुलांच्या पुस्तकात शोभेना, म्हणून. आपण सगळ्यांनी सावत्र आईचीच गोष्ट ऐकली आणि तीच खरी मानली. म्हणजे गोष्ट सांगणारा एक, उतरवणारा दुसरा आणि 'सुधारणारा' तिसरा, ही साखळी जुनीच आहे. गुण मात्र नेहमी उतरवणाऱ्याला मिळतात.

आता दुसरी बाजू. माझी नात चुकीचं बोलत होती का? मुळीच नाही. दहा पानं सुवाच्य लिहिणं हे श्रमाचं काम आहे. वाक्य जुळवणं, परिच्छेद पाडणं, आधी काय आणि मग काय हे ठरवणं, हे सगळं तिने केलं. सगळ्यांना ब-१ देऊन बाईंनी भांडण मिटवलं, पण मोजमाप केलंच नाही. जो राबला त्याला वाटतं, उद्या कशाला राबू? जो बसून राहिला त्याला वाटतं, बसूनही चालतं. सरसकट एक श्रेणी म्हणजे समता नव्हे, तो आपला कामचुकारपणा आहे. मुलांचा नव्हे, तपासणाऱ्याचा!

मानसशास्त्रात एक प्रसिद्ध प्रयोग आहे. मॅक्स रिंगेलमान नावाच्या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावला आणि त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध केले. माणसं वाढत गेली तसा प्रत्येकाचा वाटा कमी होत गेला. हे सांगून आपण लगेच म्हणतो, पाहा, गटात माणूस आळशी होतो. पण याला दुसरंही कारण आहे. सगळ्यांचा जोर एकाच क्षणी लागत नाही, ताळमेळ बसत नाही. माझ्या अनुभवात वर्गात हे दुसरं कारण फार मोठं असतं. गप्प बसलेल्या मुलाला आळस असतोच असं नाही. दोराला हात लावायला त्याला जागाच मिळालेली नसते. आपण गटाला एक कागद आणि एक पेन देतो. ते पेन ज्याचं अक्षर चांगलं त्याच्या हातात जातं, आणि बाकीचे चौघे त्या क्षणी प्रेक्षक होतात.

मग करावं काय? याचं उत्तर मला निवृत्तीनंतर एका पुस्तकात सापडलं. इटलीत तस्कनीच्या डोंगरात बार्बियाना नावाची वाडी आहे. तिथे लोरेंझो मिलानी या पाद्रीने शेतकऱ्यांच्या, शाळेतून नापास होऊन बाहेर पडलेल्या मुलांची शाळा चालवली. तिथल्या आठ मुलांनी मिळून शिक्षिकेला लिहिलेलं दीर्घ पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने आलं. मराठीत ते 'प्रिय बाई,' या नावाने उपलब्ध आहे. शिक्षकांनी वाचावंच. वाचताना आपल्यालाच कोणी कोपऱ्यात उभं केलंय असं वाटतं.

त्या मुलांनी गटाने लिहिण्याची आपली रीत त्यात सांगितली आहे. प्रत्येकाने सुचेल ते टिपून ठेवायचं. एक विचार, एक चिठ्ठी, तीही एकाच बाजूला लिहिलेली. मग सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर पसरायच्या. एकसारख्या असतील त्या काढून टाकायच्या, जवळच्या विषयांचे गठ्ठे करायचे, गठ्ठ्यांची प्रकरणं करायची. मग एकेक वाक्य घासायचं, जास्तीचा शब्द काढायचा, आणि शेवटी बाहेरच्या माणसाला बोलावून वाचायला द्यायचं, त्याला समजतं का ते बघायचं. यात अक्षर कोणाचं चांगलं हा प्रश्नच उरत नाही. ज्याला लिहिता येत नाही त्याने सांगितलेलं दुसऱ्याने चिठ्ठीवर उतरवलं तरी चिठ्ठी त्याचीच राहते.

माझ्या त्या वर्गात अशा चिठ्ठ्या असत्या, तर 'आकड्यांच्या मुंग्या झाल्या' ही चिठ्ठी मला दिसली असती. ती गाळली कोणी आणि का, हेही मला विचारता आलं असतं.

तेव्हा माझं मत असं आहे. गटाच्या गोष्टीची तपासणी शेवटच्या वहीवरून करूच नये. कच्चं काम मागावं. खाडाखोड, चिठ्ठ्या, सोडून दिलेले शेवट, सगळं. स्वच्छ प्रत ही आरसा नसते, ती इस्त्री असते. दुसरं, काम वर्गातच करून घ्यावं. घरी पाठवलं की ते आईवडिलांचं होतं, आणि आता तर मोबाइलचंही. मोबाइल दहा पानं लिहून देईल, पण 'परीचे पंख कशाने कापले?' असं मुलाला समोर बसवून विचारलं तर तिथे मोबाइल उपयोगाचा नाही. तिसरं, गोष्टीबद्दल जे म्हणायचं ते सगळ्या गटाला मिळून सांगावं, कारण गोष्ट सगळ्यांची आहे. पण मुलाची नोंद करायची ती त्याच्याशी बोलून. तुझ्यामुळे गोष्टीत काय बदललं? दुसऱ्या कोणाचं काय तुला आवडलं? काय गाळलंत आणि का? एवढे तीन प्रश्न पुरतात. ज्याने काहीच केलं नाही तो इथे आपोआप उघडा पडतो, आणि ज्याने मुकाट्याने खूप केलं तोही. आणि शेवटचं म्हणजे लाल शाई सर्वांत शेवटी. बोलीतला शब्द चूक नसतो. कोपी म्हणजे झोपडी नव्हे. कोपी चार महिन्यांनी मोडायची असते, हे त्या मुलाला माहीत होतं, मला नव्हतं.

माझ्या काही शिक्षक मैत्रिणी म्हणतील, वेळ कुठे आहे? प्रश्न रास्त आहे. तासिका पस्तीस मिनिटांची, वर कागदपत्रं, माहित्या, निवडणुकीची कामं. पण हिशेब करून बघा. अकरा गट, रोज एका गटाला दहा मिनिटं, अकरा दिवसांत वर्ग पुरा होतो. अकरा वह्या घरी नेऊन तपासायला यापेक्षा कमी वेळ लागत नाही, आणि त्यातून कळतं काय, तर कोणाचं अक्षर चांगलं आहे.

नियमही याच्या आड येत नाहीत. २०१० साली महाराष्ट्रात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, मी तेव्हा नोकरीच्या अगदी शेवटच्या टप्प्यात होते. त्यात निरीक्षण आहे, तोंडी काम आहे, उपक्रम आहे, प्रकल्प आहे. मुलाबद्दल शब्दांत नोंद करायची सोयही आहे. मला ते मनापासून आवडलं होतं. वाटलं, आता चाराचे नऊ करायची वेळ येणार नाही. पण थोड्याच दिवसांत तयार नोंदींच्या याद्या हातोहात फिरू लागल्या. 'गटात सहकार्याने काम करतो' हे वाक्य मी एका वहीत सलग बावीस मुलांच्या नावापुढे पाहिलंय! व्यवस्था कितीही चांगली आणा, मुलाकडे बघायचं ठरवलं नाही तर सगळं सारखंच.

तर परत नातीकडे येते. जेवणं झाल्यावर ती जरा निवळली, तेव्हा तिला विचारलं, "त्या मुलाने मुकुट कसा काढला होता ग?"

"मोडका," ती म्हणाली. "एक टोक तुटलेलं. आम्ही सगळे हसलो. मग तो म्हणाला, असू दे, राणीने रागाने आपटलाय."

"मग?"

"मग मी लिहिलं की राणी का रागावली... तिथूनच पुढे गुहा येते आणि परी येते."

हे बोलता बोलता ती गप्प झाली. झोपाळ्याच्या कड्या तेवढ्या कुरकुरत होत्या. मी काही बोलले नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "पण आजी, लिहिलं तर मीच ना?"

"हो ग बाई, लिहिलंस तूच," मी म्हटलं. आणि तेही खरंच आहे.

दोन्ही खरं आहे, आणि दोन्ही नोंदवायला ब-१ मध्ये जागा नाही, एवढंच माझं म्हणणं. तुमच्यापैकी जे शिकवतात, त्यांनी कधी अशी गोष्ट तपासली असेल तर कसं केलंत ते मला जरूर लिहा. आणि ज्यांची मुलं शाळेत आहेत त्यांनी एवढं करा. पुढचा प्रकल्प घरी आला की रात्री साडेदहाला शेवटची दोन पानं लिहून देऊ नका. अर्धी राहिलेली गोष्ट तशीच शाळेत जाऊ द्या.